सुईचं टोक

कलावतीबाईच्या शिलाई मशीनला पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, एकही बाई हात लावत नसे. भीती मशीनची नव्हती हो, कलावतीबाईच्या तोंडाची होती! पण टाळेबंदी लागली, सदर बाजारातली कापडाची दुकानं बंद झाली. यंदा जयंतीची मिरवणूक नाही, तर पांढऱ्या साड्या पेटीत ठेवून काय करायच्या? विहारातल्या बायांनी त्या साड्या कापायला काढल्या. मास्क शिवायचे आणि भनपुरीच्या ट्रकवाल्यांना, हमालांना वाटायचे, असं ठरलं, आणि शिवणकाम कलावतीबाईकडं आलं.

एकटीनं किती रेटणार? शेवटी कलावतीबाईनं हिंदी बोलणाऱ्या सुनेला, पायलला, मशीनवर बसवलं आणि स्वतः तिच्या डोक्यावर उभी राहिली. "सरळ घे ना वं! झोपून राहिली का?" पोट्टी बिचारी मान खाली घालून शिवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शंभर मास्क इस्त्री होऊन गठ्ठ्यात बसले. चार वाजता विहारातला इंद्रजीत ते न्यायला येणार होता. दुपारी उरलेल्या कापडाला शिलाई मारावी म्हणून कलावतीबाई मशीनवर बसली आणि तिचा हात थांबला. तिची सुई वापरून वापरून काळपट झालेली. ही तर चकचकीत नवी!

"पायल, सुई कोणं बदलली?"

पायलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "कल आप पानी भरने गईं, तभी टूट गई थी, मम्मीजी. आप गुस्सा करतीं, इसलिए नहीं बताया."

"अन् टोक?"

"नहीं मिला. बहुत ढूँढा."

कलावतीबाईनं गठ्ठ्याकडं पाहिलं. टोक यातल्याच एखाद्या शिवणीत अडकलं असणार. शंभर माणसं तो कपडा नाकातोंडाला बांधणार. दान म्हणून द्यायचं आणि कोणाच्या ओठात, कोणाच्या नाकात सुई घुसवायची? कुठं फेडावं हे पाप?

"रडू नको. पह्यले शोध," ती म्हणाली.

दोघींनी गठ्ठा सोडला. माळ्यावरच्या बंद पडलेल्या रेडिओतून कलावतीबाईनं चुंबक उपटून काढलं आणि एकेका मास्कच्या शिवणीवरून फिरवलं. वीस झाले, पन्नास झाले, काही नाही. नव्याण्णव झाले आणि गठ्ठा संपला.

"शंभरावा कुठं गेला?"

"बाबूजी ले गए ना. आपने ही तो दिया था, सुबह."

अरे देवा! सकाळी भाजी आणायला निघालेल्या नवऱ्याला, श्यामरावांना, तिनंच तो मास्क हातात कोंबला होता, वरून दम भरला होता, "नाकावर ठेवजा! हनुवटीवर लटकवसान तर घरात घेनार नाही!" माणूस सकाळपासून बाहेर, आणि सुई त्याच्या तोंडावर.

कलावतीबाई चुंबक मुठीत धरून अनवाणीच रस्त्यावर धावली. मागोमाग पायल. कोपऱ्यावरून श्यामराव निवांत येत होते, एका हातात पिशवी, ओठांवर शीळ. तोंड उघडंच!

"मास्क कुठं हाय?"

श्यामरावांनी चोरासारखा शर्टाच्या खिशात हात घातला. मास्क निघाला, सकाळचीच घडी, मोडलेलीसुद्धा नाही. "अवं, दम घुटते माझा. आता लावतच होतो..."

तिनं तो हिसकावला. चुंबक खालच्या काठावरून फिरवलं. एका जागी कापड चिमटीत धरल्यासारखं वर उचललं गेलं. शिवण उसवली, तर तांदळाच्या कणीएवढं टोक चुंबकाला येऊन चिकटलं.

कलावतीबाईनं तिथंच रस्त्याकडेला बसकण मारली. हसू येत होतं, रडूही येत होतं. "बरं झालं बापा, तुम्ही माझं आयकत नाही!"

"चाळीस वर्षांत पह्यल्यांदा कौतुक झालं," श्यामराव म्हणाले, "अन् ते काहून झालं, हे काही समजलं नाही."

घरी आल्यावर पायल भिंतीशी उभी राहिली, आता बरसणार म्हणून. कलावतीबाईनं मशीनच्या खणातून बामची एक जुनी डबी काढली. ही डबी घरात कोणी पाहिली नव्हती. झाकण उघडून तिनं ते टोक आत टाकलं. आत आधीपासूनच टोकं होती, गंजलेली, काळी, वीस-पंचवीस तरी.

"ये सब... आपसे टूटीं?"

"मंग काय शेजारणीकडून? सुई तुटतेच. टोक सापडेपर्यंत उठायचं नाही, अन् सापडलं का इथं टाकायचं." मग खाली बघत ती म्हणाली, "मले सांगाची भीती वाटली तुले. ते माझं चुकलं."

बाहेर इंद्रजीतच्या गाडीचा हॉर्न वाजला. कलावतीबाईनं डबी पायलच्या हातात दिली आणि स्वतः गठ्ठा बांधायला बसली.