एक दिवसाआड

डॉक्टरांनी पडद्यावर बोट टेकवलं. हृदयावरून पसरलेल्या रक्तवाहिन्यांपैकी एक मध्येच दिसेनाशी झाली होती.

"बाकी सगळ्या स्वच्छ आहेत. तुमच्या बायकोच्या हृदयात बसवलेल्या कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी धरली, तिचा तुकडा सुटून इथं अडकला. तो काढलाय, पण हृदयाचा तेवढा भाग गेला. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चुकल्या होत्या का?"

"छे! रोज घेते ती," बसचालक म्हणाला. तो गाडी आगारात लावून तसाच धावत आला होता. "हो ना गं, आई?"

दाराशी उभ्या असलेल्या आईने होकारार्थी मान हलवली.

झडप बसवल्यापासून सुनेची पाळी म्हणजे रक्ताचा पाट. शिवणकारखान्यात एकदा खुर्ची भिजली, तेव्हा ती तोंड लपवून घरी आली होती. चादरी पिळता पिळता सासूच म्हणाली होती, "त्या गोळ्यांनीच होतंय हे. तेवढे दिवस एक दिवसाआड घे. काही आभाळ कोसळत नाही. ह्याला सांगू नकोस, घर डोक्यावर घेईल."

आणि सून तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली होती.

आता ती अतिदक्षता विभागात उशांना टेकून पडली होती. शब्दाशब्दाला धाप लागत होती.

"गोळ्या घेत होतीस ना?" नवऱ्याने विचारलं.

तिने सासूकडे पाहिलं. सासूने खाटेची कड घट्ट धरली.

"अधूनमधून... विसरायचे मी."

"विसरायचीस? जिवाशी खेळ आहे का हा?" त्याचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. बाही डोळ्यांना लावून तो म्हणाला, "आई, आजपासून हिच्या गोळ्या तूच दे. तू असलीस की मला घोर नाही."

सासूचे ओठ हलले.

"देईन," ती म्हणाली.

तो औषधं आणायला खाली गेला. सासू खाटेजवळ सरकली.

"मी सांगते त्याला. घरी गेल्यावर सांगते."

"राहू द्या. तो तुम्हाला कधी माफ करणार नाही." सुनेने श्वास गोळा केला. "कामावर आता कसली जातेय मी. दिवसभर घरात आपण दोघीच असणार, आई."