हवेत फिरणारे हात

माईंचं सगळं आयुष्य कुंभाराच्या चाकासमोर गेलं. पण साठी उलटली आणि ओली माती लागली की हातांची सालं निघू लागली. "आता मातीला हात लावायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून माई झोपेत हात हलवायच्या. स्वप्नात चाक फिरायचं, माती बोटांतून वर चढायची आणि जाग आली की ओंजळ कोरडी.

सून यंत्रांच्या कारखान्यात कामाला. तिला सासूची तगमग बघवेना. तिने चाकाशेजारी कॅमेरा आणि रबरी टोकांची दोन यांत्रिक बोटं बसवली.

"आई, तुम्ही नुसते हवेत हात फिरवा. बाकीचं हे यंत्र करेल."

"म्हणजे हातवारे माझे आणि कौतुक त्याचं!" माई हसल्या, पण बसल्या.

त्यांनी तळवे वर उचलले. पलीकडे माती उमलत वर आली. खिडकीतून पिठासारखा मऊ उजेड गळत होता, चाक गुणगुणत होतं. आपल्याला अजून जाग आलीच नाही, असं माईंना वाटत राहिलं. सुरेख, गुळगुळीत सुरई तयार झाली. माई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"आवडली नाही का?" सुनेचा चेहरा उतरला.

"देखणी आहे गं. पण माती थकली की हाताला सांगते. इथे मला काही ऐकूच येत नाही." मग त्या एकदम म्हणाल्या, "ती बोटं काढ. बाह्या वर कर आणि तूच बस."

"मला कुठे येतंय?"

"माझ्या हातांकडे बघ. आणि माती काय म्हणते ते मला सांग."

सुनेचे हात मातीत, माईंचे वर हवेत.

"जड आहे... आता सरकली. आई, ही थरथरतेय!"

"घाबरलीय. पाणी दे, दाब कमी कर."

पहिलं भांडं बदकन बसलं. दोघी पोट धरून हसल्या. दुसरं जरा कलतं, पण उभं राहिलं.

यंत्रही वाया गेलं नाही. माई त्याच्याकडून भांड्यांना रंग देऊन घेऊ लागल्या.

त्या पहिल्या दिवशी सून हात धुवायला उठली, तेव्हा माईंनी तिला थांबवलं. तिच्या तळव्यांशी वाकून, डोळे मिटून त्यांनी खोल वास घेतला.

"उद्या माती जरा घट्ट मळ," त्या म्हणाल्या.