शोभेचे चक्र

मित्रांनो, मी सायकलचे एक जुने दातेरी चक्र आहे. इतके जुने असूनही माझ्या दातांवर चेनचा एक ओरखडा नाही. याचा मला अभिमान वाटत असेल, असे कुणी समजू नये.

कारखान्यात पोलादाच्या पत्र्यातून मला कापले, माझे दात घासले आणि लहानमोठ्या भावंडांबरोबर मला मागच्या चाकासाठी एकत्र बसवले. आमच्यात कामाची वाटणी सरळ आहे. चेन धाकट्यावर असली की पेडलच्या एका फेऱ्यात चाक कितीतरी वेळा फिरते. सपाट रस्त्यावर सायकल सुसाट जाते ती त्याच्या जिवावर. मी सर्वांत थोरले, चौतीस दातांचे. चेन माझ्यावर आली की चाक जेमतेम एकदा फिरते. वेग जातो, पण पाय हलका होतो आणि माणूस धापा न टाकता चढ चढतो. धाकट्याचे कौतुक होते. माझे उपकार होतात. उपकार कुणाला आवडतात?

मला एका मुलीने आपल्या वडिलांसाठी विकत घेतले. वडील लिफ्ट दुरुस्त करत. उभा जन्म लोकांना आयते वर पोहोचवण्यात गेला. निवृत्तीनंतर स्वतः मात्र दर रविवारी टेकडीवरच्या मुलीच्या घरी सायकलने जात. डॉक्टरांनी छाती तपासून बजावले, की चढावर जोर लावायचा नाही.

"मग बसने या ना, बाबा."

"बसने पाहुणे येतात."

"पाहुणे निदान दारात येऊन भिंत धरत नाहीत."

"टेकडीवर घर घ्यायला तुला मी सांगितलं होतं?"

शेवटी तडजोड म्हणून मी आले. दुकानात मुलीसमोर मेकॅनिकने मला बसवले, हाताने पेडल फिरवून चेन एकदा माझ्यावर चढवून दाखवली. तो पहिला स्पर्श. शेवटचाही तोच.

सकाळी सपाट रस्त्यावर सायकली पळवणारा वडिलांच्या मित्रांचा एक कंपू होता. तिथे वडिलांना सगळे 'इंजिन' म्हणत. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या म्होरक्याची नजर माझ्यावर पडली.

"काय रे इंजिन, मागे जेवणाचं ताट बांधलंस की काय?"

"मुलीने घातलंय."

"मग आता आधाराची दोन चाकंही घालेल. लहान पोरांच्या सायकलला असतात तशी!"

सगळे हसले. वडील सर्वांत मोठ्याने हसले आणि तिथून थेट मेकॅनिककडे गेले.

"चेन याच्यावर चढता कामा नये. पण चक्र राहू दे. पोरगी बघते."

"काका, मग घातलं कशाला?"

"शोभेला."

चेन सरकवणाऱ्या यंत्राला एक बारीकसा स्क्रू असतो. तो आवळला, की चेन अलीकडच्याच चक्रावर अडते. मेकॅनिकने तो आवळला. वडिलांनी कंपूला गिअर टाकून दाखवला, "बघा, चढतच नाही!"

त्यानंतर दर रविवारी ते जड गिअरवर उभे राहून चढ रेटत. शेवटच्या वळणाआधी पाय थांबत. मग ते उतरत आणि सायकल ढकलत नेत. वळण संपले की तोंड पुसून पुन्हा सीटवर बसत आणि घंटी वाजवत मुलीच्या दारात येत.

"आता सोपं जातं ना, बाबा?"

"लोण्यासारखं."

मी चकचकीत दिसत असे. तिला वाटे, वडील सायकल किती छान ठेवतात.

एका रविवारी घंटी वाजली नाही. वाट पाहून ती खाली उतरत गेली. वळणावर सायकल भिंतीला नीट टेकवून ठेवली होती. शेजारी वडील बसले होते, रुमाल हातात घेऊन. तिने हाक मारली. खांदा हलवला. पुन्हा हाक मारली.

काही दिवसांनी तिने सायकल पुसायला घेतली. माझी भावंडे काळीकुट्ट, दात झिजलेले, मी कोरे. तिने गिअर टाकून पाहिला. चेन चढेना. ती मेकॅनिककडे गेली.

"काकांनीच सांगितलं होतं, ताई. शेवटच्या वळणाला उतरून ढकलत न्यायचे."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"म्हणाले, पोरीला बरं वाटतंय, वाटू दे."

तो कंपू भेटायला आला, तेव्हा मी दाराशीच होते. म्होरक्या म्हणाला, "शेवटपर्यंत हलका गिअर लावला नाही पठ्ठ्याने. असा चढायचा इंजिन!"

"हो," ती म्हणाली. "पायी."

"पाणी घ्या," म्हणून तिने पेला त्याच्यापुढे धरला, आणि त्याने तो घेईपर्यंत हात मागे घेतला नाही.

मित्रांनो, आम्हाला जपा, वेळच्या वेळी तेल घाला, असे माझ्या जागी दुसऱ्या कुणी सांगितले असते. मला तेल नको. चढावर कुणी हलका गिअर टाकून सावकाश जाताना दिसला, तर त्याला हसू नका. त्याला कुणाच्या तरी घरी पोहोचायचे असते.