तिरका घाव

माझ्याशी लग्न करायचं असेल तर माणसाला आधी बाबांच्या हातोड्याखाली हात धरावा लागतो. हा नियम बाबांनी काढला आणि माझं मत कुणी विचारलं नाही.

बाबा नाणी पाडतात, तीही शेकडो वर्षांपूर्वी पाडत तशी. संग्रहालयांना आणि नाटकवाल्यांना लागतात. यंत्र नाही. लाकडी ओंडक्यात खालचा ठसा पक्का ठोकलेला, त्यावर राजाचा चेहरा कोरलेला. हा राजा कुठल्याच देशात होऊन गेलेला नाही. बाबांनी तो आरशात बघून कोरलाय, पण तसं म्हटलेलं त्यांना खपत नाही. या ठशावर भट्टीत भाजून मऊ केलेली तांब्याची चकती ठेवायची, तिच्यावर सिंहाचा ठसा उभा धरायचा आणि त्याच्या डोक्यावर एकच घाव घालायचा. घाव घालणारा एक, ठसा धरणारा दुसरा. आई गेल्यापासून धरणारी मी.

पहिला उमेदवार मावशीने आणला होता. त्याने ऐन वेळी हात काढून घेतला आणि सिंहाला दोन शेपट्या फुटल्या. दुसऱ्याला नेमकी शिंक आली. त्याच्या सिंहाची डोकी किती ते मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. "ज्याचा हात हलतो त्याला माझी मुलगी मिळणार नाही," असं बाबा दोन्ही वेळा म्हणाले, आणि दोन्ही वेळा त्या दिवशी चांगले दोन घास जास्त जेवले. मलाही दुःख झालं नाही. दोघेही मला डोळ्यांसमोर नको होते.

तिसरा मात्र मी स्वतः शोधला. दातांचा डॉक्टर. मला तो मनापासून हवा होता, आणि बाबांचं मन मोडून निघून जाण्याइतकी मी दगड नव्हते. म्हणून त्याला कारखान्यात घेऊन आले.

"या डॉक्टर," बाबा म्हणाले. "बोटं जपून हं. लोकांच्या तोंडात घालायची असतात तुम्हाला."

"तुम्ही निवांत मारा, काका," तो म्हणाला. "माझ्या खुर्चीत माणसं कळवळत असतात, पण माझा हात हलत नाही."

बाबांना हे उत्तर आवडलं नाही. त्यांनी चकती ठेवली, ती पुन्हा उचलून पुसली, पुन्हा ठेवली. डॉक्टरने ठसा मुठीत धरला. बाबांनी हातोडा उचलला आणि खाली घेतला. उजेड कमी आहे म्हणाले. मी खिडकी सताड उघडली. मग उजेड डोळ्यांवर येतो म्हणाले. मी खिडकी अर्धी लावली. मग बाबांना तहान लागली. पाणी पिऊन झाल्यावर हातोड्याचा दांडा सैल वाटायला लागला.

"काका, घाबरू नका," डॉक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाला. "डोळे मिटायचेत का? एका क्षणात होऊन जाईल."

हे वाक्य तो दिवसभर म्हणत असतो, सवयीने तोंडातून गेलं. मी ओढणी तोंडात कोंबली. बाबांचे कान लाल झाले आणि त्यांनी हातोडा हाणला.

नाणं त्यांनीच उचललं. त्यावर राजाचा अर्धाच चेहरा होता, एक डोळा आणि अर्धं नाक. चेहऱ्याचा उरलेला अर्धा भाग कोरा करकरीत.

"हात हलला," बाबा म्हणाले. "नमस्कार डॉक्टर, या तुम्ही."

डॉक्टरचा चेहरा पडला. हात हलला नव्हता हे त्याला ठाऊक होतं, पण सासऱ्याशी पहिल्याच दिवशी वाद कसा घालायचा, हे काही त्यांच्या कॉलेजात शिकवत नाहीत. ठसा तसाच धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

मी बाबांच्या हातातून नाणं घेतलं. उलटून सिंह पाहिला, खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, शेपूट एकच आहे."

"मग?"

"हात हलला असता तर सिंह दुहेरी उमटला असता. इथे एक कड खोल आहे आणि दुसरी कोरी. घाव तिरका पडलाय."

"तीस वर्षांत माझा घाव तिरका पडलेला नाही."

"तेच म्हणतेय मी. आज कसा पडला?"

बाबांनी हातोडा भिंतीला टेकवला, परत उचलला, पुन्हा टेकवला. राजासारखे दिसतात म्हणून मी त्यांना एरवी चिडवते. तेव्हा अजिबात दिसत नव्हते.

"सरळ मारला असता तर तू गेली असतीस," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांना सोडून जाववतही नव्हतं. मी नाक पुसलं.

"काका," डॉक्टर हळूच म्हणाला, "मी हात काढू का?"

"थांब रे," बाबा म्हणाले. "काढू नकोस."

त्यांनी वाकून ठशाखाली नवी चकती सरकवली. या वेळी ना उजेड आडवा आला, ना तहान. माझ्याकडे न बघता त्यांनी हातोडा उचलला. घाव असा सरळ बसला की आवाजावरूनच मला सगळं कळलं, आणि बाबांनाही. ते नाणं उचलून बघायला आम्ही दोघंही पुढे झालो नाही.