मुकुलची कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि गेली पंचवीस वर्षं माझ्या पोटात एकच कॅसेट अडकून बसली आहे. मित्रांनो, तुम्ही कदाचित मला ओळखणारही नाही. तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये गाणी, फोटो, शाळेतल्या बाईंचे निरोप सगळं मावतं. माझ्या काळात एवढ्याशा कामाला चार जाड सेलवर चालणारा काळा ठोकळा लागे. तो ठोकळा म्हणजे मी. दिसायला ओबडधोबड आहे, पण हसण्याआधी माझं ऐकून घ्या.

काशीत ब्रह्मा घाटाच्या वरच्या अंगाला एक अरुंद गल्ली आहे. तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत माझं सगळं आयुष्य गेलं. माकडांच्या त्रासामुळे गॅलरीला लोखंडी जाळी आहे आणि तिच्यातून गंगेचा हातभर तुकडा दिसतो. हे घर बिंदुमाधव गुरुजींचं. त्यांचे पूर्वज कधीतरी कोकणातून इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात हिंदी इतकी मिसळलेली की पुण्याचा पाहुणा आधी जरा गोंधळतो.

गुरुजी वेद शिकवतात. पुस्तकावरून नाही, तोंडी. ते विद्यार्थ्याला समोर बसवतात, एक तुकडा म्हणतात, विद्यार्थी तोच तुकडा दोनदा म्हणतो. याला संथा देणं म्हणतात. असं करत करत हजारो ओळी पाठ होतात. गुरुजींना तर कोणतीही गोष्ट दोनदा ऐकली की पुरे, ती कायमची त्यांची होते.

त्यांचा मुलगा मुकुल मात्र यात रमला नाही. तो फौजेत गेला, बिनतारी संदेशांच्या कामावर. पहिल्या सुट्टीत त्यानेच मला घरी आणलं. "अण्णा, गावी गेले की पोरं स्वर विसरतात म्हणता ना? मग यात भरून देत जा," तो म्हणाला.

गुरुजींनी मला खालीवर पाहिलं. "आणि याचं चुकलं तर कान कुणाचा पिळायचा?"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण महिन्याभरात त्यांना माझ्याशिवाय करमेना. त्यांची पत्नी आनंदीबाई यांनी मला भरतकामाचा रुमाल शिवला. दसऱ्याला माझ्यावर हळदकुंकू पडे. मी थोडा फुगलोच होतो म्हणा ना.

या घराची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. मुकुलचं पत्र आलं की गुरुजी ते दोनदा वाचत आणि बाजूला ठेवत. मग जेवताना आनंदीबाई आणि धाकटी शरदिनी यांना सबंध पत्र तोंडाने म्हणून दाखवत, एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. कागदाची कुणाला गरज पडत नसे आणि तो कुठेतरी हरवून जाई. पाठ झालेलं तेवढं खरं, कागद म्हणजे नुसतं ओझं, असं गुरुजींना मनापासून वाटे. त्यातच पुढचा घात होता.

मुकुलची शेवटची सुट्टी संपत आली तेव्हा शरदिनी एकोणीस वर्षांची होती. भावाने जाऊ नये म्हणून तिने त्याचं रेल्वेचं तिकीट पोह्यांच्या डब्यात लपवलं. त्या दिवशीची गाडी गेली. मुकुल दुसऱ्या दिवशी निघाला आणि जाताना तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. उशिरा पोचल्याबद्दल त्याला काय शिक्षा झाली असेल, या विचाराने ती पोर झुरत राहिली. पत्रात विचारायचं धाडस तिला झालं नाही.

दोन महिन्यांनी मुकुलने पत्राऐवजी कॅसेट पाठवली. आनंदीबाई आणि शरदिनी तेव्हा प्रयागला होत्या, भाच्याच्या मुंजीसाठी. गुरुजींनी शेजाऱ्यांच्या फोनवरून कळवलं, "मुकुलची कॅसेट आलीय. आलात की ऐका." मग त्यांनी ती माझ्यात घालून सकाळी एकदा ऐकली आणि दुपारी एकदा.

संध्याकाळी इंदूरचा एक विद्यार्थी आला. तो सकाळच्या गाडीने कायमचा घरी जाणार होता आणि त्याला एक अध्याय भरून हवा होता. कोरी कॅसेट घरात नव्हती आणि बाजार बंद होता. गुरुजी क्षणभर थांबले. मुकुलचं बोलणं तर पाठ झालं, त्या दोघी आल्या की म्हणून दाखवू, असा त्यांनी विचार केला असणार. त्यांनी माझं लाल बटण दाबलं.

मित्रांनो, कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचा एक छोटा दात असतो. तो मोडून टाकला की लाल बटण दबतच नाही. मुकुल तो मोडायला विसरला होता. बटण दबलं, आणि फितीवर जे काही होतं ते मी पुसत गेलो. पुसणं हे माझंच काम. गुरुजींचा घोगरा आवाज त्या जागी उमटत गेला. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

सकाळी विद्यार्थी कॅसेट न्यायला येण्याआधी शेजाऱ्यांचा फोन वाजला. सीमेवरच्या ठाण्यावर चकमक झाली होती आणि मुकुल गेला होता. विद्यार्थी आला तो कॅसेट न मागताच दारातून परत फिरला.

दुपारी आनंदीबाई प्रयागहून आल्या. त्या रडल्या नाहीत, बसल्याही नाहीत. माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "अहो, ती कॅसेट लावा. मला त्याला ऐकू द्या."

त्यांना शब्द नको होते, आवाज हवा होता. गुरुजी "लावतो" म्हणाले आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे त्यांनी अडकित्त्याच्या टोकाने माझ्या झाकणाची कळ वाकवली. टोक दोनदा निसटलं. बाहेर येऊन म्हणाले, "यंत्र बिघडलंय. कॅसेट आत अडकली आहे. जोर केला तर फीत तुटेल."

त्या दिवसापासून मी कैदी झालो. वाजायचं नाही, उघडायचं नाही, खरं बोलायचं नाही. आनंदीबाई कुणालाच मला हात लावू देत नसत. कुणी कारागीर आणतो म्हटलं तर त्या म्हणत, "नको बाबा, तुटली तर? आत आहे तो, एवढं पुरे." दर गुरुवारी त्या माझी धूळ पुसत, झाकणावर तळवा ठेवून बसत आणि गुरुजींना विचारत, "तुम्ही ऐकलं होतं ना? काय म्हणाला?" गुरुजी म्हणत, "बरा आहे म्हणाला." याहून जास्त ते बोलू शकत नव्हते. सबंध बोलणं म्हणून दाखवलं असतं तर त्यांना रडू फुटलं असतं आणि खरं बाहेर आलं असतं. मला ओरडून सांगावंसं वाटे की बाई, तुमचा हात रिकाम्या जागेवर आहे. पण मी बोलतो ते दुसऱ्याच्या आवाजात, आणि माझं बटण दाबणारं कुणी नव्हतं.

असा अकरा वर्षं तळवा सोसला. मग आनंदीबाई गेल्या. तेराव्या दिवसानंतर गुरुजींनी मला लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली जानव्याला बांधली. वर शाली, बाजूला पितळी भांडी, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि अंधार. माझे चारही सेल गळले आणि त्यांचा चिकट रस तारांवर सुकला. चौदा वर्षं बाहेरची एक गोष्ट मात्र मला रोज कळे. रोज सकाळी संध्या झाली की गुरुजी कपाटाला पाठ लावून बसत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. मला वाटे, जप असेल.

मग गेल्या हिवाळ्यात देवश्री आली. तिचे वडील बँकेतले, बदली होऊन काशीला आलेले. ती आणि तिच्या मैत्रिणी धारातीर्थी पडलेल्या जवानांच्या घरी जातात आणि घरच्यांच्या आठवणी मोबाइलवर भरून घेतात. शरदिनी आता मुलींच्या शाळेत शिकवते, वडिलांजवळच राहते. तिने देवश्रीला चहा दिला. कपाटाच्या फटीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, पेपरमध्ये नाव, गाव आणि तारीख येते," देवश्री म्हणाली. "पण तो जेवताना पानात काय ठेवायचा, कशावर चिडायचा, ये सब कौन बताएगा? घरचेच ना."

शरदिनीने तिला पोह्यांच्या डब्याची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती प्रथमच कुणाला सांगत होती. मग म्हणाली, "त्याचा आवाज आहे आमच्याकडे. कॅसेट अडकलीय. माझ्यावर रागावून गेला होता तो. शेवटपर्यंत राग होता की गेला, तेवढं मला कळायला हवं."

"मग उघडू या ना. स्क्रू काढायचा छोटा पेचकस आहे माझ्याकडे. आणि ताई, फितीला बुरशी लागते. और दो-चार साल, फिर कुछ नहीं बचेगा."

गुरुजी किल्ली देईनात. देवश्री तीनदा येऊन परत गेली. चौथ्या खेपेला शरदिनी वडिलांसमोर खाली बसली. "अण्णा, मी चव्वेचाळीस वर्षांची झाले. पोह्यांचा डबा उघडताना अजून माझा हात थांबतो. तुम्हाला हे बरं वाटतं का?"

गुरुजी उठले. कपाट उघडलं. चौदा वर्षांनी माझ्यावर ऊन पडलं. त्यांनी मला पाटावर ठेवलं. देवश्रीने पेचकस काढला, तसा त्यांनी माझ्यावर हात आडवा धरला.

"उघडू नका. त्यात मुकुल नाही. त्यात मी आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. इंदूरचा विद्यार्थी, लाल बटण, अडकित्ता. काही लपवलं नाही. शरदिनी उठून आत गेली. दूध उतू जात होतं, तिने गॅस बंद केला. परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. "आई अकरा वर्षं या डब्यावर हात ठेवून बसायची, अण्णा. तुम्ही बघत होतात."

"हो," गुरुजी म्हणाले. "बघत होतो. त्याची क्षमा मी मागत नाही. पण शब्द आहेत, शरे. सगळे आहेत. रोज एकदा म्हणतो, म्हणून राहिलेत."

देवश्रीने मोबाइल पाटावर ठेवला. गुरुजींनी डोळे मिटले आणि बोलू लागले. स्वर त्यांचा होता, पण बोलण्याची चाल तिशीही न गाठलेल्या मुलाची.

"अण्णा, आईला जवळ बसवा. इथे बर्फ आहे. सेल मी बनियनच्या आत ठेवतो, नाही तर ते झोपतात. आवाज बसला तर समजा की सेल गारठले. आमच्यात एक गढवाली आहे, तो रोज भात करपवतो आणि रोज म्हणतो, आज बढिया बना है." मध्ये गुरुजी खोकले. मग थांबले. "इथे त्याला कुणीतरी हाक मारली," एवढं आपल्या आवाजात म्हणाले आणि पुढे गेले. "शरीला सांगा, तिकीट मला तासाभरातच सापडलं होतं. मी एक दिवस हातचा ठेवूनच निघालो होतो, मग म्हटलं, राहू दे, आणखी एक दिवस घरी मिळतोय. जाताना बोललो नाही, कारण तिचं तोंड पाहून मला हसू फुटलं असतं. तिला म्हणावं, पुढच्या वेळी डाळीच्या डब्यात ठेव, पोहे मी रोज खातो."

शरदिनी हसली आणि हसता हसता रडू लागली.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"समोर बस," गुरुजी म्हणाले. "माझ्यामागून म्हण."

या घरात मुलींना कधी संथा दिली गेली नव्हती. शरदिनी लहानपणी वाती वळत दाराआडून ऐकायची. आता ती पदर सावरून वडिलांच्या समोर बसली. ते एक तुकडा म्हणत, ती दोनदा म्हणे. चुकलं की ते हात वर करत आणि ती पुन्हा म्हणे. मी अर्धं आयुष्य संथा ऐकत घालवलं, पण अशी ऐकली नव्हती.

शेवटी देवश्री हळूच म्हणाली, "गुरुजी, आईला जवळ बसवा म्हणाला होता तो. तिच्यासाठी काय?"

"दोन ओळी आहेत. शेवटी."

"बताइए ना."

"नाही. त्या तिच्या होत्या. ती इथे बसून मागत होती तेव्हा दिल्या नाहीत. आता या मोबाइलमध्ये भरून मी मोकळा होऊ?"

देवश्रीने मोबाइल बंद केला.

तुम्ही म्हणाल, अरे, ती कॅसेट तर तूच वाजवलीस, तुला त्या दोन ओळी ठाऊक असणार. नाहीत, मित्रांनो. फीत सरकून गेली की माझ्यात काही उरत नाही. खोलीतलं मला आठवतं, फितीवरचं कधीच नाही. उरतं ते फक्त माणसात, आणि माणूस किती दिवस पुरणार? म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरातलं कुणी देशासाठी गेलं असेल, किंवा नुसतंच गेलं असेल, आणि त्याचं नाव काढलं की एखादं मोठं माणूस गप्प होत असेल, तर त्याच्यासमोर जाऊन बसा. रागावतील, उद्या ये म्हणतील. उद्याही जा. जी गोष्ट ज्याच्यासाठी आहे ती त्याला वेळेत मिळू द्या. यंत्रं आपली काळजी घेणाऱ्याला साथ देतात, पण आम्ही तुमच्या वतीने विचारू शकत नाही.

मला पुन्हा कपाटात ठेवलं आहे, पण आता त्याचं दार उघडं असतं. कॅसेट अजून पोटातच आहे, कुणी ती काढायची घाई करत नाही. गुरुजी त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी शाळेच्या वह्या तपासून झाल्या की शरदिनी त्यांच्यासमोर बसते. ते मुकुलचं बोलणं पहिल्यापासून म्हणतात, ती मागून म्हणते. त्या दोन ओळींपाशी आले की ते थांबतात आणि खाली बघत राहतात. ती उठत नाही. तशीच बसून राहते.