माझ्या खालून निसटलेला उजेड

मित्रांनो, मी शिन्चू शहरातल्या एका प्रयोगशाळेतला जुना वेव्हगाइड आहे. वेव्हगाइड म्हणजे प्रकाशाला चालायला केलेली अरुंद वाट. दिसायला मी काचेवरची केसाहून बारीक रेघ. एके काळी माझं फार कौतुक झालं. त्यातलं काहीच माझं नव्हतं, आणि ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म निर्वात पेटीत झाला. चांदीचा एक थर, त्यावर काचेचा, पुन्हा चांदीचा, असे वीस थर. थर इतके पातळ की प्रकाशाच्या लाटेला ते वेगळे कळतच नाहीत, तिला सगळा मिळून एकच पदार्थ वाटतो. तो थरांच्या लांबीच्या दिशेने धातूसारखा वागतो आणि जाडीच्या दिशेने काचेसारखा. अशा पदार्थाला हायपरबोलिक मेटामटेरियल म्हणतात. एरवी जिथे लाट मावणारच नाही, तिथून ती माझ्यात अंग आखडून सावकाश जाते. मात्र वाटेत चांदी बराच प्रकाश गिळून टाकते.

मला घडवलं वेंग शू-ह्वे हिने. तिच्या पीएचडीचं ते सहावं वर्ष होतं. तिच्या हाताखालच्या च्यू पेइ-युननेही माझ्यासारखेच तीन तुकडे केले.

मोजणीच्या दिवशी माझ्या एका टोकात लेझरचा प्रकाश सोडला, आणि पलीकडच्या टोकातून लख्ख उजेड आला. प्रयोगशाळेचे प्रमुख च्वो सर पडद्यापाशी वाकले. "शू-ह्वे, झालीस तू डॉक्टर." मग पेइ-युनचे तुकडे लावले. तिन्ही मिणमिणते.

"तुझं लक्ष कुठे असतं गं?" सर म्हणाले.

"सर, मी थर नीट मोजून घातलेत."

"मग चांदी काय तुझ्यावरच रुसली?"

सगळे हसले. मी तिथेच होतो. मला ठाऊक होतं की तो उजेड माझ्यातून आलाच नव्हता. लेझरचा प्रकाश आणणारा काचेचा तंतू जरासा खाली बसला होता, आणि प्रकाश माझ्या खालच्या काचेतून निसटून पलीकडे गेला होता.

शू-ह्वेलाही शंका आली होती. प्रकाशाची लाट उभी डोलते किंवा आडवी. माझ्यातून जाते ती उभी. आडवी केली की मी अंधारायला हवं. एका दुपारी तिने लाट फिरवायच्या बटणावर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला. तेव्हापासून आम्ही दोघं गुन्हेगार. टेबल आवरताना तिने पेइ-युनचे ते तीन तुकडे फुटक्या काचेच्या डब्यात टाकले.

पेइ-युन प्रयोगशाळा सोडून वडिलांच्या कारखान्यात तांदळाच्या शेवया वाळवायला गेली. शेवया वाळवायला लागणाऱ्या वाऱ्याचे दिवस आले तशी तिच्याकडून शेवयांची एक पुडी आली, सोबत चिठ्ठी: "ताई, वेळेवर जेवत जा."

शू-ह्वेने ती पुडी उघडलीच नाही. उठून तिने बटण फिरवलं. माझ्या टोकाचा उजेड तसूभरही कमी झाला नाही. ती तशीच सरांकडे गेली. "सर, या मोजणीवर आपण छापायला पाठवलेला लेख परत मागवा. चूक माझी आहे."

दुसऱ्या दिवशी तिने पेइ-युनला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"तुला शंका कधी आली, ताई?"

"जूनमध्ये."

"आता डिसेंबर आहे."

पेइ-युनने हात पुढे केला.

"माझे तुकडे दे. पुन्हा मोजते."

"टाकले मी ते."

च्वो सरांनी पुढे येऊन पेइ-युनची माफी मागितली. ती म्हणाली, "नवे करावे लागतील. पेटी कधी मोकळी आहे?"

नव्या तुकड्यांतूनही मिणमिणताच उजेड आला. बटण फिरवलं तसा तो विझला. सरांनी नव्या लेखावर पेइ-युनचं नाव पहिलं घातलं. शू-ह्वे एक वर्ष उशिरा डॉक्टर झाली.

मित्रांनो, मला जपा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? एवढंच मागतो. एखादा मिणमिणता तुकडा तुमच्या हाती आला, तर टाकण्याआधी त्याला एकदा नीट तपासा. ते तिघं खरं सांगत होते, आणि आज ते कुठेच नाहीत. मी मात्र कौतुकाच्या दिवसांत मिळालेल्या मखमलीच्या डबीत आहे.