उरियामचा खारट खड्डा

मी एक खड्डा आहे, आणि तोही जुना. हसू नका, मित्रांनो. तुमच्याकडे कोणाचा राग आला की त्याला ‘खड्ड्यात जा’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. माझ्या बेटावर मात्र घरातला कर्ता माणूस रोज सकाळी आपखुशीने खड्ड्यात जातो, आणि ज्या घराला खड्डा नाही त्या घराची सारे गाव कीव करते.

माझे बेट प्रशांत महासागरातल्या किरिबास देशातले, तुमच्या नकाशात किरिबाटी लिहितात तो. एका अंगाला बाहेरचा समुद्र, सदा लाटा आपटणारा. दुसऱ्या अंगाला आतला समुद्र, उथळ आणि गरीब स्वभावाचा. मधे माडांची एक पट्टी, आणि त्या पट्टीवर आमचे सगळे जग. डोंगर नाही, नदी नाही, ओढासुद्धा नाही. माती म्हणाल तर पोवळ्यांची पांढरी रेती. पण देवाने एक सोय करून ठेवली आहे. पावसाचे पाणी या रेतीतून खाली झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर, दुधावर साय धरावी तसे तरंगत राहते. त्या सायीपर्यंत पोहोचायचे तर खणायला हवे. उरियाम म्हाताऱ्याच्या पूर्वजांनी मोठाले शिंपले आणि कासवाची पाठ वापरून मला खणले. त्यांचे हात सोलून निघाले. तळाशी पाणी लागले तेव्हा एकाने ओंजळ भरून प्यायले आणि तो रडला, असे घरात सांगतात. मी त्याच क्षणी जन्मलो, म्हणून मला आठवत नाही.

माझ्या पोटात बाबाई वाढते. बाबाई म्हणजे तुमच्या अळूचा थोरला भाऊ. पान एवढे की खाली उभ्या राहिलेल्या माणसाचे डोके पावसात भिजत नाही. जमिनीखाली गड्डा धरतो. कोवळा गड्डा घरच्या जेवणाला, आणि वर्षानुवर्षे राखलेला समारंभाला. तो मोठा गड्डा दोघांनी दांडीला बांधून न्यावा लागतो. लग्न असो, मयत असो, पाहुण्याचे स्वागत असो, बाबाई नसेल तर जेवणाला जेवण कोणी म्हणत नाही.

बाबाई नुसती लावून भागत नाही. तिला भरवावे लागते. प्रत्येक रोपाभोवती बिनबुडाची टोपली विणायची आणि तीत पालापाचोळा घालत राहायचे. कोणता पाला, किती वाळवलेला, कशात कालवलेला, हे ज्याचे त्याचे गुपित. बाप ते मुलाला सांगतो, तेही एकांतात. दुसऱ्याच्या खड्ड्यात डोकावणे म्हणजे त्याच्या ताटात हात घालणे. आपल्या बाबाईबद्दल कोणी विचारलेच, तर ‘काय सांगू, बारकीशी आहे’ एवढेच म्हणायचे. म्हणून माझ्या गावात ज्याची बाबाई सर्वांत मोठी, तोच सर्वांत जास्त कण्हतो.

मी चांगले दिवस पाहिले तसे वाईटही पाहिले. कधी काळी गावातले तरणे लोक दूरच्या बेटावर फॉस्फेटच्या खाणीत खपायला गेले, तेव्हा मागे उरलेल्यांचे पोट माझ्यावर होते, म्हणून मी महत्त्वाचा होतो. मग सुक्या खोबऱ्याला भाव आला. जहाज खोबरे घेऊन जाई आणि तांदूळ, साखर, मैदा टाकून जाई. तांदळाला ना टोपली विणावी लागते, ना वर्षे मोजावी लागतात. त्यामुळे जहाज वेळेवर आले की गाव मला विसरे, आणि जहाज लांबले की तेच गाव माझ्या काठावर येऊन गोड बोले. मी राग धरला नाही. खड्ड्याने राग धरून जायचे तरी कुठे? बाहेरच्या समुद्रात परदेशी बोटी टूना मासे पकडतात आणि सरकारला त्याचे पैसे देतात म्हणे. सरकार दूरच्या बेटावर. माझ्यापर्यंत त्या टूनाचे रिकामे डबे तेवढे पोहोचतात.

उरियामचा मुलगा इओतेबा मालवाहू जहाजांवर खलाशी आहे. तो पैसे पाठवतो, येत नाही. उरियाम त्याला गुपित सांगायचे म्हणत राहिला. सुट्टीवर आला की सांगू, पुढच्या खेपेला सांगू, असे चालले होते. मुलगी मीरे मात्र गावातच दिलेली. आई गेल्यापासून ती रोज येऊन बापाचे जेवण करी, माझ्या काठापर्यंत पाला आणून ठेवी आणि मागे फिरे. खाली उतरायची तिला बंदी होती. तिला सांगितलेले तिच्या सासरी जाणार, ही म्हाताऱ्याची भीती.

मग ती पहाट आली. मोठ्या उधाणाची भरती होती आणि वाराही नेमका समुद्राकडूनच. बाहेरचा समुद्र माडांमधून चालत आला आणि माझ्यात उतरला. दुपारपर्यंत तो ओसरला, पण मीठ माझ्यात ठेवून गेला. उरियामने खाली उतरून बोट बुडवले, जिभेला लावले आणि थुंकला. कोणी पाहिले नाही ना, म्हणून त्याने वर बघितले. मला फार वाईट वाटले. इतकी वर्षे त्याने मला गोड म्हणून मिरवले होते.

हळूहळू पाने कडेने करपू लागली.

“बाबा, पानं पिवळी पडलीत,” मीरे काठावरून म्हणाली.

“पिवळी नाहीत. ऊन पडलंय त्यांच्यावर.”

“आणि हा वास कसला?”

“खेकडा मेला असेल एखादा. तू जा, भात करपेल तुझा.”

“भात अजून चुलीवर ठेवलाच नाही.”

“मग ठेव जा.”

ती गेली. म्हातारा टोपल्यांमधे उकिडवा बसला आणि माझ्याशी बोलू लागला. पूर्वज रागावलेत, असे त्याने मनाशी धरले होते. पोराला गुपित द्यायला आपण चालढकल केली, त्याची ही शिक्षा. मी ओरडून सांगणार होतो की अरे, समुद्राला तुझी चालढकल काय माहीत! पण खड्ड्याला तोंड असते ते फक्त आकाशाकडे.

त्यात गावच्या मानेआबावर नवे छप्पर चढले. मानेआबा म्हणजे आमचे मोठे सभागृह, केवड्याच्या पानांनी शाकारलेले. तिथे प्रत्येक घराची बसायची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. नवे छप्पर म्हणजे मोठे जेवण, आणि प्रत्येक घराने बाबाई आणलीच पाहिजे. न आणणाऱ्याला कोणी उठवत नाही, पण त्या जागेवर बसायचे कोणत्या तोंडाने? इओतेबा पहिल्यांदा जहाजावर गेला त्या वर्षीचा गड्डा उरियामने राखून ठेवला होता. तो त्याने उपटला. खालचा निम्मा सडून काळा झाला होता. त्याने सडका भाग कापून काढला, उरलेला पानांत गुंडाळला आणि काथ्याच्या दोरीने करकचून बांधला. बाबाई नेहमी उघडी नेतात, लोकांनी बघावी म्हणून. गुंडाळलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

पुढचे मी पाहिले नाही. मीरेने दुसऱ्या दिवशी काठावर बसून शेजारणीला सांगितले, तेच तुम्हाला सांगतो.

मानेआबाच्या दारात बौरो उभा होता. बौरो हा उरियामचा जन्माचा जोडीदार आणि जन्माचा स्पर्धक. त्याचा खड्डा बेटाच्या पोटात, जिथे पट्टी जरा रुंद आहे आणि भरती पोहोचली नव्हती. त्याचा उघडा, धुतलेला गड्डा पायाशी ठेवलेला होता आणि तो तोंडाने कण्हत होता, “बारकीशी आहे हो, लाज वाटते आणायला.”

उरियामचे बोचके बघून तो म्हणाला, “काय रे उरियाम, गड्ड्याला थंडी वाजतेय का?”

“प्रवासात धूळ बसते,” उरियाम म्हणाला.

“घरापासून इथवर प्रवास? मग पोराला जहाजावर धाडतोस तेव्हा काय मेणात बुडवून धाडतोस?”

लोक हसले. इतक्यात दुसऱ्या घरचे आले. त्यांचा गड्डाही गुंडाळलेला. मग तिसऱ्यांचा. हसणे कमी कमी होत गेले. चौथे बोचके आले तेव्हा बौरोने आपल्या उघड्या गड्ड्यापुढे हळूच पाय आडवा घेतला.

गावातली सगळ्यात थोरली बाई, नेइ ताबेता, तिच्या जागेवरून म्हणाली, “सोडा रे त्या दोऱ्या. मेलेलं मूल असल्यासारखं काय गुंडाळून ठेवलंय?”

कोणी हात लावेना. तेव्हा तिने आधी आपल्याच घरचे बोचके सोडले. आत मुठीएवढा तुकडा होता.

“आमचा भरतीनंतर गेला,” ती म्हणाली. “मी सुनेला बोल लावला. म्हटलं, नको त्या दिवसांत खड्ड्यात उतरली असशील. पोर रडून रडून माहेरी जायला निघाली होती.”

मग सगळ्यांनी सोडले. एका घराला वाटले होते, पाला चुकला. एकाला वाटले, शेजाऱ्याने करणी केली. उरियामला वाटले, पूर्वज कोपले. प्रत्येक घर आपापल्या पापाचा शोध घेत बसले होते, कारण खड्ड्याबद्दल बोलायची रीतच नव्हती. नेइ ताबेताने सुनेला हाक मारली आणि आपल्या शेजारी, थेट मानाच्या जागेवर बसवली. त्या दिवशी जेवायला भातच होता. बौरोचा गड्डा कापून सगळ्यांना एकेक फोड मिळाली, आणि त्याने स्वतः घेतली नाही.

माझ्यात अजून काही कोवळी रोपे तग धरून होती. मला खणणाऱ्यांनी होडीतून आणलेल्या बियाण्याची तीच शेवटची निशाणी. ती खाऱ्यात जगणार नव्हती. उरियामने ती काढून माझ्या काठावर ओल्या पानांखाली ठेवली आणि तो नुसता बसून राहिला. कुठे लावायची हे त्याला माहीत होते, पण तोंडातून निघत नव्हते.

दुसऱ्या सकाळी बौरो आला. रीतीप्रमाणे माझ्याकडे पाठ करून, समुद्राकडे बघत उभा राहिला.

“माझ्याकडे एक कोपरा रिकामा आहे,” तो समुद्राला म्हणाला.

“म्हणजे मी काय घालतो ते तू रोज बघणार.”

“तुझं गुपित घेऊन मी काय करू? माझं तुझ्याहून भारी आहे.”

“मग माझ्या गड्ड्याकडे दर वर्षी डोळे फाडून का बघायचास?”

“कीव यायची म्हणून. हे बघ. मीरे पाला घालायला आली की मी मासे धरायला जात जाईन. बायकोलाही नेईन. मासे नाही मिळाले तरी चालतील.”

“मीरे?” उरियाम म्हणाला. “तिला कुठं येतं?”

मीरे काठावरच होती. “मला येत नाही, कारण मी त्या घरची ना, बाबा? मग इओतेबाच्या सुट्टीपर्यंत रोपांना थांबायला सांगा.”

रोपांवरचे एक पान सुकून वळले होते. म्हाताऱ्याने ते उचलले, बाजूला टाकले आणि म्हणाला, “उतर खाली.”

बौरो लगेच चालू लागला. मीरे कमरेला गुंडाळलेले लांब फडके गुडघ्यापर्यंत खोचून खाली उतरली. जन्मभर काठावर पाला आणून ठेवणारी मुलगी पहिल्यांदा माझ्या पाण्यात उभी राहिली. तिच्या पायांची माझ्याइतकी वाट कोणी पाहिली नसेल. उरियामने तिला सगळे सांगितले. पाल्याची नावे सांगितली, तिच्याकडून म्हणून घेतली, चुकली तिथे ओरडला, आणि शेवटी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी शब्द न् शब्द ऐकला. नाही मित्रांनो, तुम्हाला सांगणार नाही.

रोपे गेली. बौरोच्या कोपऱ्यात ती धरली आहेत, असे ऐकतो. मी रिकामा झालो. माझ्यात आता डास होतात, माडाच्या झावळ्या पडतात, आणि कोणी जाता जाता माशांचे डबे फेकते. बाहेरच्या समुद्राकडे गावाने दगडांचा बांध घालायला घेतला आहे. समुद्र त्याला किती जुमानेल, मी सांगू शकत नाही. भरपूर पाऊस पडला तर मीठ धुऊन जाते, असे जुने लोक म्हणतात. त्याला किती वर्षे लागतील, हेही ते सांगत नाहीत.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. तुमच्या गावातही एखादी विहीर, एखादे तळे रिकामे पडले असेल. ते कामाचे राहिले नाही म्हणून त्याचा उकिरडा करू नका. आणि तुमच्या पाण्यात मीठ उतरले, तर ते पानांत गुंडाळू नका. शेजारी जा आणि सांगा.

काल मीरे बौरोकडचे काम आटपून माझ्याकडे आली. तिच्या टोपलीत थोडा पाला उरला होता. तो तिने माझ्यात टाकला आणि पायाने चिखलात दाबला. उरियाम काठावर बसला होता.

“अगं, रिकाम्या खड्ड्याला कशाला घालतेस?” त्याने विचारले.

“भूक त्यालाही लागते की, बाबा,” ती म्हणाली, आणि पाला दाबत राहिली.